जुनी पिकअप, कच्चा रस्ता आणि मोजका खर्च: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे ‘सौम्य ऑफ-रोडिंग’ म्हणजे नेमकं काय धरलंय?

शेताकडे जाणारी पाणंद, धरणाच्या काठाचा मुरमाड रस्ता, गडाच्या पायथ्याच्या वाडीपर्यंतची खडबडीत चढण, हिवाळ्यात गुडघ्याच्या खाली पाणी असलेला ओढा. दोरी लावून दगडांवर चढणं किंवा स्पर्धेतला चिखल यात येत नाही. गाडी म्हणजे स्कॉर्पिओ गेटअवे, टाटा झेनॉन, सुरुवातीची इसुझू व्ही-क्रॉस किंवा बोलेरो कॅम्पर. आठ-दहा वर्षं वापरलेली, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आलेली आणि आठवड्यातले पाच दिवस कामावर जाणारी. शनिवारी डोंगरात गेली तरी सोमवारी सकाळी ती चालू झालीच पाहिजे. खालची बहुतेक उत्तरं याच अटीतून आली आहेत.

त्यापेक्षा थार घ्यावी का?

हौदा नको असेल तर खुशाल घ्या. व्ही-क्रॉसचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ३,०९५ मिलिमीटर आहे आणि २०२० च्या तीन दारांच्या थारचा २,४५०. एवढ्या लांब गाडीचं पोट उंचवट्यावर टेकतं, अरुंद वळणावर दोनदा मागे-पुढे करावं लागतं आणि ओढ्यातून वर चढताना मागचा बंपर जमिनीला घासतो. कितीही खर्च केला तरी ही लांबी कमी होत नाही. बदल्यात खताची पोती, तंबू, स्टेपनी, चिखलाने माखलेली माणसांची बुटं असं सगळं हौद्यात टाकता येतं. चेसिस शिडीसारखी मजबूत असते आणि मिस्त्री तालुक्याच्या गावात मिळतो.

विकत घेताना काय बघायचं?

रंग आणि सीट शेवटी बघा. आधी गाडीखाली झोपा. चेसिसचे दोन लांब गर्डर टॉर्चच्या उजेडात टोकापासून टोकापर्यंत पाहायचे. मागच्या पाट्यांचे (वजन झेलणाऱ्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगचे) हँगर चेसिसला जिथे जोडलेत तिथे तडा, नवं वेल्डिंग किंवा एकाच जागी ताजा काळा रंग दिसला तर त्या गाडीने खूप ओझं वाहिलंय. पाट्यांच्या गठ्ठ्यात कंपनीपेक्षा जास्त पाटा घातला असेल तर शंकाच उरत नाही. कोकण किनाऱ्याची गाडी असेल तर हातोडीने हलकं ठोकून बघा. गंजलेल्या पत्र्याचा आवाज वेगळा येतो.

गाडी फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनचा जोर) असेल तर ती व्यवस्था चालते का, हे मालकाच्या तोंडून ऐकू नका. मुरमावर नेऊन फोर-हाय (चारही चाकं, नेहमीच्या वेगाला) टाका, मग थांबून न्यूट्रलमध्ये फोर-लो (हळू, पण जास्त जोराला) टाका आणि गाडी हलवून बघा. डॅशवर दिवा लागला म्हणजे पुढची चाकं ओढताहेत असं होत नाही. ज्या गाड्यांत हे काम बटणाने होतं, त्यांची ट्रान्सफर केसवरची (पुढच्या चाकांकडे जोर वळवणाऱ्या गिअरच्या डब्यावरची) मोटर वर्षानुवर्षं न वापरल्याने अडकते. ती दुरुस्त होते, पण किंमत ठरवताना हा मुद्दा तुमच्या बाजूचा असतो.

पुढच्या एक्सलचे रबरी बूट फाटलेत का, स्टिअरिंगला मोकळा खेळ किती आहे, जॅकवर चाक उचलून वर-खाली हलवल्यावर बॉल जॉइंट वाजतो का, हेही बघा. एक्सलच्या मध्ये डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांत जोर वाटणाऱ्या गिअरचा) गोळा असतो, त्याचा तेल भरायचा बोल्ट उघडून बोट घाला. तेल दुधाळ कॉफीच्या रंगाचं निघालं तर आत पाणी गेलंय.

गाडी फोर बाय टू आहे. काही उपयोग आहे का?

आहे, बराच. चांगले टायर, कमी केलेली हवा आणि चालवणाऱ्याचा धीर एवढ्यावर टू व्हील ड्राइव्ह पिकअप कोरड्या दिवसांत वर सांगितलेल्या बहुतेक रस्त्यांवर जाते. तिची अडचण वेगळीच आहे. रिकाम्या हौद्यामुळे मागच्या चाकांवर वजन नसतं आणि ओढायचं काम त्याच चाकांकडे असतं. मागच्या एक्सलच्या किंचित पुढे, हौद्याच्या तळाशी शंभर-दीडशे किलो वजन बांधून ठेवलं की फरक लगेच जाणवतो. वाळूची पोती चालतात, आणि अडकल्यावर त्यातली वाळू चाकाखालीही टाकता येते. पोती दोरीने आवळा. मोकळी पोती उतारावर केबिनच्या मागच्या काचेकडे येतात.

दुसरी युक्ती हँडब्रेकची. एक मागचं चाक हवेत फिरतंय आणि दुसरं जमिनीवर गपचूप उभं आहे, अशा वेळी हँडब्रेक दोन-तीन दाते ओढा आणि हलका ॲक्सिलरेटर द्या. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं आणि तो जोर ठरतो सैल चाकाच्या पकडीवर. सैल चाकाला ब्रेकने अडवलं की जमिनीवरच्या चाकालाही तेवढा जोर मिळतो. दरवेळी जमतंच असं नाही, पण फुकटात आहे.

फोर बाय टू गाडीत नंतर फोर बाय फोर बसवण्याचा विचार मात्र सोडा. ट्रान्सफर केस, पुढचा एक्सल, शाफ्ट, वायरिंग आणि वर आरटीओ. त्या पैशात मुळातली फोर बाय फोर गाडी येते.

सगळ्यात आधी पैसे कशावर घालू?

गाडी कंपनीतून निघाली तेव्हा जशी होती तशी करण्यावर. हे ऐकायला कोणालाच आवडत नाही, कारण त्यात फोटो काढण्यासारखं काही नसतं. पण जुन्या पिकअपची निम्मी दुर्बलता झिजलेल्या रबरात असते: पाट्यांचे बुश (सांध्यातले रबरी तुकडे), शॅकलचे (पाट्याला चेसिसशी जोडणाऱ्या झुलत्या कडीचे) बुश, पुढच्या आर्मचे बुश, इंजिनचे माउंटिंग. ते बदला. शॉकअपमधून तेल गळत असेल तर चारही नवे घ्या, साध्या कंपनी दर्जाचे चालतील. ब्रेकचे लायनर आणि होज, रेडिएटरचे पाइप, पंख्याचा पट्टा, क्लच हेही बघून घ्या. क्लच अर्धा संपला असेल तर चढणीवर पहिल्याच दिवशी उरलेला संपतो. डिफरन्शियल, ट्रान्सफर केस आणि गिअरबॉक्समधलं तेल बदला, आधीच्या मालकाने शेवटचं कधी बदललं ते विचारत बसू नका.

एवढं झाल्यावर गाडी एकदा नेहमीच्या कच्च्या रस्त्याने नेऊन आणा. उंची वाढवायचीच होती, असं म्हणणारे बरेचजण इथेच गप्प होतात.

लाखभर रुपयांत काय काय बसतं?

गाडीच्या किमतीशिवाय लाख रुपये हाताशी आहेत असं धरू. बुश, शॉकअप, तेलं आणि ब्रेक यांत वीस-पंचवीस हजार सहज जातात. ए/टी (ऑल टेरेन) टायर आकारानुसार आणि कंपनीनुसार साधारण नऊ ते तेरा हजारांना एक, म्हणजे चारसाठी चाळीस-पन्नास धरा. ओढायची दोरी, ती अडकवायच्या दोन कड्या (यांनाही शॅकलच म्हणतात), हवेचा पंप आणि फावडं मिळून आठ-दहा. स्थानिक वेल्डरकडून इंजिनखालची प्लेट पाच-सात. ब्रीदरचे (एक्सलच्या हवेच्या नळीचे) पाइप काही शेकड्यांत. उरलेले दहा-पंधरा हजार खर्च करू नका. जुनी गाडी आहे, ती ते पैसे तुमच्याकडून मागून घेईलच.

टायर कोणते?

ए/टी, म्हणजे ऑल टेरेन. एम/टी, म्हणजे मड टेरेन, दिसतो छान, पण डांबरावर गुणगुणतो, ओल्या रस्त्यावर ब्रेक मारताना घसरतो, डिझेल जास्त खातो आणि लवकर झिजतो. आठवड्यातले पाच दिवस डांबरावर धावणाऱ्या गाडीला तो नको.

आकाराबाबत गणित करून बघा. २३५/७० आर १६ या टायरचा व्यास साधारण ७३५ मिलिमीटर भरतो आणि २४५/७५ आर १६ चा ७७४. म्हणजे मोठा टायर घातल्यावर गाडी जेमतेम दोन सेंटिमीटर वर उचलली जाते. बदल्यात स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा प्रत्यक्ष वेग ६३ च्या आसपास असतो, चढणीवर पहिला गिअर जड होतो आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डला घासू शकतो. माझं मत विचाराल तर कंपनीने त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला जो आकार दिला होता तिथेच थांबा. त्याने आरटीओचाही प्रश्न येत नाही.

दोन गोष्टी दुकानात उभं राहून वाचायच्या. एक, लोड इंडेक्स. टायर किती वजन पेलतो ते सांगणारा, टायरवर आकारानंतर येणारा हा आकडा मूळ टायरपेक्षा कमी असता कामा नये. एसयूव्हीसाठी बनवलेला नाजूक ए/टी भरलेल्या पिकअपखाली टिकत नाही. दोन, तारीख. बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. ‘न वापरलेला आहे साहेब’ हे खरं असलं तरी पाच वर्षं गोदामात पडलेला टायर नवा नसतो.

आणि स्टेपनी. चार नवे टायर आणि खाली लटकलेली गोटा झालेली स्टेपनी हा देखावा जागोजागी दिसतो. पाचवा नवा परवडत नसेल तर जुन्यातला सर्वात चांगला ठेवा, पण आकार तोच हवा. फोर-लोमध्ये वेगळ्या व्यासाचं चाक लावलं तर ट्रान्सफर केस ताणाखाली येते.

हवा किती ठेवू?

डांबरावर दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे. दगडाळ मुरमावर रिकाम्या गाडीला २५ पीएसआयच्या आसपास, मऊ मातीत किंवा वाळूत २० पर्यंत. त्याखाली गेलात तर वळताना टायर रिममधून निसटायचा धोका. हवा कमी असताना वेग चाळीसच्या आत ठेवा आणि डांबर लागताच परत भरा. कमी हवेत हायवेला पळवलेला टायर तापून फुटतो. पंप थेट बॅटरीला चिमटे लावून चालणारा घ्या. सिगारेट लायटरवर चालणारा छोटा पंप पिकअपचा टायर भरता भरता फ्यूज उडवतो.

सगळ्या बदलांमध्ये पैशाला सर्वात जास्त परतावा देणारा बदल हाच आहे. टायरचा जमिनीला टेकणारा भाग लांब होतो, दगडावर तो फुटण्याऐवजी दबतो आणि आत बसलेल्यांची कंबर वाचते.

उंची वाढवू का? दोन इंच लिफ्ट किट मिळतंय.

बहुतेकांना गरज नाही. मागचा एक्सल अखंड असलेल्या गाडीत सर्वात खाली असतो तो डिफरन्शियलचा गोळा, आणि तो टायरच्या उंचीवर अवलंबून असतो. पाटे उंच केले तर गाडीचं पोट वर जातं, गोळा तिथेच राहतो. दगड त्याच्यावरच आदळतो.

तरी बसलेले पाटे आणि वाकलेला पुढचा भाग मूळ उंचीला आणायला हरकत नाही. मागे पाटे कामगाराकडून पाट्यांना पुन्हा बाक देऊन घेता येतो. स्वस्त पडतं, पण जुनं पोलाद असेल तर वर्षभरात परत बसतं. गठ्ठ्यात एक लांब पाटा वाढवणं हा दुसरा मार्ग. गाडी भरून चालत असेल तर ठीक, रिकामी चालत असेल तर प्रत्येक खड्ड्यात मागचा भाग उडेल. यू-बोल्ट एकदा काढले की नवेच घाला आणि दोन-तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. पाटे आणि एक्सलच्या मध्ये लोखंडी ठोकळ्यांवर ठोकळे रचणारा मिस्त्री भेटला तर चहा घेऊन परत या.

पुढे टॉर्शन बार (स्प्रिंगऐवजी पिळला जाणारा लोखंडी दांडा) असलेल्या गाड्यांत बोल्ट फिरवून उंची वाढवता येते, त्यामुळे ‘फुकटात लिफ्ट’ हा मोह पडतो. बार त्याने कडक होत नाही, आर्म फक्त खाली ढकलला जातो. मग चाकाला खाली उतरायला जागा उरत नाही, खड्ड्यात चाक लटकतं, गाडी धाडकन आदळते आणि पुढच्या शाफ्टचे सांधे वाकड्या कोनात फिरून बूट फाडतात. जुना बार बसलाय म्हणून मूळ उंचीपर्यंत आणलात तर चांगलंच, त्यावर फार तर एक इंच. नंतर अलाइनमेंट करून घ्यायची, नाहीतर नवे टायर आतून झिजतील.

रिकामी गाडी फार उडते. एखादा पाटा काढून टाकू?

काढला तर आरसीवर लिहिलेलं वजन ती गाडी उचलू शकत नाही, आणि एक दिवस कोणीतरी सिमेंट भरणारच. आधी पाटे उघडून घासून घ्या, गंज काढा, ग्रीस लावा, शॅकल मोकळा फिरतोय का बघा. अडकलेले पाटे एका पट्टीसारखे वागतात. चांगले शॉकअप आणि हौद्यातलं थोडं वजन यांनी उरलेलं काम होतं.

ओढा ओलांडायचा आहे. स्नॉर्कल लावू?

आधी ब्रीदर. एक्सल आणि गिअरबॉक्सला हवा आत-बाहेर जायला एक छोटं नळकांडं असतं, बहुधा एक्सलच्याच वर. घाट चढून आलेला तापलेला एक्सल थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि सील किंवा ब्रीदरमधून पाणी आत ओढते. त्या नळकांड्याला तेल सहन करणारा रबरी पाइप जोडून तो बॉनेटखाली किंवा हौद्याच्या वरच्या कडेपर्यंत नेला की झालं. हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी केला जाणारा बदल आहे.

स्नॉर्कल, म्हणजे इंजिनची हवा छताजवळून घेणारा पाइप, धुळीसाठी थोडाफार उपयोगी आहे. पाण्यासाठी तो तेव्हाच कामाचा जेव्हा एअर फिल्टरच्या डब्यापासून वरपर्यंत एकही सांधा हवा ओढत नाही. मडगार्ड कापून बसवलेले बरेच स्नॉर्कल खाली फिल्टरच्या डब्यालाच गळके असतात, म्हणजे शोभेचे. तुमच्या गाडीचा हवा ओढणारा पाइप नेमका कुठे आहे ते बॉनेट उघडून बघा. काही गाड्यांत तो हेडलाइटच्या मागे असतो. तीच तुमची खरी मर्यादा, आणि पाण्याची लाट धरून तिच्याही बरंच खाली थांबायचं. हबपर्यंतचं (चाकाच्या मध्यापर्यंतचं) साचलेलं पाणी, चालून बघितल्यानंतर, पहिल्या गिअरमध्ये, मध्ये न थांबता: एवढ्याला काहीच लावावं लागत नाही.

वाहतं पाणी ही वेगळी गोष्ट आहे. पावसाळ्यात फरशी पुलावरून पाणी जात असेल तर उतरून वाट बघा, कितीही वेळ लागो. दोन फूट वाहतं पाणी बहुतेक गाड्या उचलून नेतं आणि पिकअपचा रिकामा हौदा आधी तरंगतो.

इंजिन पाण्यात बंद पडलं तर पुन्हा सेल मारू नका. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये ते असताना पिस्टन वर आला तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि अख्ख्या सहलीच्या दहापट बिल होतं. गाडी ओढून बाहेर काढा, ग्लो प्लग किंवा इंजेक्टर उघडून पाणी निघाल्याशिवाय इंजिन फिरवायचं नाही.

विंच घ्यावा का?

विंच म्हणजे अडकलेली गाडी ओढून काढणारी मोटरची चरखी. या बजेटमध्ये नाही. भरलेल्या वजनाच्या दीडपट ताकद हवी म्हटलं तर पिकअपला चार टनांच्या वरचा विंच लागतो. त्याचं बसवायचं लोखंड, जाड वायर, चांगली बॅटरी धरून टायरच्या सेटपेक्षा खर्च जास्त होतो, आणि आपल्याकडे दोन किलोमीटरवर कोणाचा तरी ट्रॅक्टर असतो.

ट्रॅक्टरला मात्र जोडायला काहीतरी धड द्या. पुढे-मागे चेसिसला बोल्टने आवळलेले ओढायचे हूक हवेत. ट्रकवरून नेताना बांधण्यासाठी दिलेल्या पातळ कड्या ओढण्यासाठी नसतात. ट्रॉली लावायचा गोल बॉलही नको. तो तुटून काच फोडून आत आल्याने माणसं मेली आहेत. ट्रॅक्टरने हळू ओढायचं असेल तर साधा सपाट पट्टा पुरतो, दुसऱ्या गाडीने झटका देऊन काढायचं असेल तर ताणणारी कायनेटिक दोरी लागते. स्टीलच्या तारेला झटका द्यायचा नाही. ताणलेल्या दोरीवर ओलं गोणपाट टाका आणि बघ्यांना दोरीच्या लांबीच्या दीडपट मागे हटवा, यात भिडस्तपणा नको.

खालून प्लेट लावायची तर किती जाड?

चार मिलिमीटरचा साधा लोखंडी पत्रा. साठ बाय ऐंशी सेंटिमीटरचा तुकडा साधारण पंधरा किलो भरतो, तेवढं पुढच्या सस्पेन्शनला चालतं. वेल्डरला तीन गोष्टी आधीच सांगा: चेसिसला बोल्टने लावायची, वेल्ड करायची नाही. तेल काढायच्या बोल्टखाली भोक हवं. चिखल-पाणी निघायला आणि हवा खेळायला चिरा हव्यात.

छतावर एलईडी बार?

रात्री अनोळखी वाटेवर जायचंच कशाला, हा पहिला प्रश्न. लावलाच तर वेगळा रिले आणि फ्यूज घालून, आणि सार्वजनिक रस्त्यावर बंद व झाकलेला. मूळ हेडलाइटचे पिवळे पडलेले काचभाग घासून घेतले आणि वायरिंगला रिले घातला तरी उजेड बराच वाढतो.

आरटीओ, पासिंग, पोलीस: काय चालतं, काय नाही?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळी ठरेल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ खाली बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. पुढचे लोखंडी क्रॅश गार्ड तर डिसेंबर २०१७ पासूनच रडारवर आहेत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने तेव्हा राज्यांना कारवाई करायला सांगितलं होतं. पायी माणसाला ते घातक असतात आणि एअरबॅग असलेल्या गाडीत धक्क्याचं गणित बिघडवतात.

म्हणून या पानावर सुचवलेले बदल मुद्दाम बोल्ट काढून परत घेता येतील असेच आहेत. इंजिन, चेसिस, बॉडीची रचना आणि रंग यांना हात लावायचा असेल तर आधी आरटीओत जा.

पिवळी पाटी असेल तर आठ वर्षांनंतर फिटनेस दरवर्षी करावा लागतो, आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही लागू होतो. पांढऱ्या पाटीला पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण. घेण्याआधी आरसीवर कोणता वर्ग लिहिलाय ते बघाच. हौद्यात माणसं बसवून डोंगरात जाणं कुठल्याच पाटीवर चालत नाही.

विम्याचं काय?

नंतर बसवलेलं सामान कंपनीला कळवून पॉलिसीवर नोंदवलं नसेल तर त्याची भरपाई मिळत नाही. पाण्यामुळे इंजिन गेलं तर साध्या पॉलिसीत ते सहसा येत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं आणि जुन्या गाडीला ते मिळणं अवघड जातं.

कुठे जावं?

आधी कुठे नको ते. कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाळूवर नको. मनाई आहे, भरती वाट बघत नाही, आणि वेळास-आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर हिवाळा-उन्हाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी वाळूखाली असतात. कासच्या पठारासारख्या सड्यांवरही नको. खडकावरचा मातीचा थर बोटभर असतो, एकदा चाक गेलं की त्या पट्ट्यात वर्षानुवर्षं काही फुलत नाही. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणं हा गुन्हा आहे.

काळ्या मातीत पाऊस पडून गेल्यावर दोन-तीन कोरडे दिवस जाऊ द्या. ती माती पाणी पिऊन फुगते आणि टायरच्या खाचा भरून टाकते, मग ए/टी काय आणि एम/टी काय, दोन्ही गुळगुळीत. शिवाय तुमच्या चाकोऱ्या सुकल्यावर त्याच पाणंदीने बैलगाडी न्यायची असते. जांभ्याच्या वाटा उलट्या: उन्हाळ्यात उत्तम पकड, पावसाळ्यात शेवाळ. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस दोन्हीकडे चांगले. गावातून जाताना गाडी थांबवून विचारा. वाट खाजगी असेल तर कळतं आणि पुढचा साकव वाहून गेलाय हेही.

घरी आल्यावर काय करायचं?

खालून पाण्याचा जोरदार फवारा मारून चिखल काढा, विशेषतः पाट्यांच्या मधला, ब्रेक ड्रमच्या आतला आणि रेडिएटरच्या जाळीतला. पाण्यात गेला असाल तर डिफरन्शियलचं तेल उघडून रंग बघा. ग्रीस निपल जिथे आहेत तिथे ग्रीस, चाकांचे नट आणि प्लेटचे बोल्ट पुन्हा आवळा, एअर फिल्टर झटका. फोर बाय फोर महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर टाकून थोडं अंतर चालवा म्हणजे मोटर अडकत नाही. डांबरावर नको. या गाड्यांत पुढचा आणि मागचा एक्सल यांच्या दरम्यान वेगळं डिफरन्शियल नसतं, वळणावर दोन्ही एक्सल वेगळं अंतर कापतात आणि तो सगळा पीळ गिअरांवर येतो.